बारापैकी सहा म्हणजे किती टक्के?

'माठातले पाणी गार का होते?' या प्रश्नाला एका मुलाने पुढील उत्तर लिहिले आहे असे समजू. 'माठाला बारीक छिद्रे असतात. त्यातून पाणी झिरपते आणि वाऱ्याने वाळते, म्हणून आतले पाणी गार होते. पावसाळ्यात आमचा माठ एवढा गार होत नाही.'

याला किती गुण द्यावेत? 'बाष्पीभवन' हा शब्द उत्तरात नाही. त्यासाठी लागणारी उष्णता कोठून येते हेही सांगितलेले नाही. पण पावसाळ्याबद्दलचे वाक्य मुलाने स्वतः पाहून लिहिले आहे, पुस्तकातून उचललेले नाही. शिक्षकांच्या खोलीत हे उत्तर फिरवून पाहावे. एकमत होणे कठीण!

हा मतभेद जुना आहे. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिकांच्या प्रती शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतल्या. एकाच पत्रिकेला शंभरापैकी कोणी साठीच्या घरातले, तर कोणी नव्वदीच्या पुढचे गुण दिले. भाषेत असे होणारच, गणितात होणार नाही, असे कोणी म्हणेल. म्हणून पुढे त्यांनी भूमितीची पत्रिका पाठवली, आणि तिच्या गुणांतले अंतर आणखी मोठे निघाले. १९६१ साली डीडरिख, फ्रेंच आणि कार्लटन यांनी ३०० निबंध ५३ वाचकांना दिले आणि त्यांच्या ९ श्रेणी लावायला सांगितल्या. १०१ निबंधांना नऊच्या नऊ श्रेणी मिळाल्या! पाचपेक्षा कमी निरनिराळ्या श्रेणी मिळालेला एकही निबंध त्यात नव्हता.

मात्र हे वाचक बेफिकीर नव्हते. त्यांच्या गुणांची छाननी केल्यावर त्यांचे गट दिसू लागले. काहींचे लक्ष विचारांवर होते, काहींचे चुकांवर, काहींचे मांडणीवर, तर काहींचे शब्दांवर किंवा लेखनाच्या ढंगावर. म्हणजे प्रत्येक जण मोजत होता, पण वेगवेगळी गोष्ट मोजत होता. काय मोजायचे हे आधी ठरवून, लिहून ठेवणे हा यावरचा एक उपाय. तो आज 'रुब्रिक' या नावाने ओळखला जातो. (लॅटिनमध्ये या शब्दाचे मूळ 'लाल' असे आहे. जुन्या हस्तलिखितांतली शीर्षके लाल शाईने लिहीत. लाल शाईशी आपले नाते बरेच जुने दिसते.)

रुब्रिक म्हणजे एक तक्ता. आडव्या ओळींत निकष, उभ्या रकान्यांत पातळ्या आणि प्रत्येक चौकटीत त्या पातळीचे वर्णन. वर्णनाच्या जागी 'उत्तम', 'बरे', 'साधारण' असे शब्द भरले तर तक्ता करून उपयोग नाही, कारण 'बरे' म्हणजे काय यावर पुन्हा तोच वाद. माठाच्या प्रश्नासाठी तीन निकष घेऊ : कारणांची साखळी, निरीक्षण आणि शास्त्रीय शब्द. साखळीच्या चार पातळ्या अशा लिहिता येतील. कारण दिलेलेच नाही, १. पाणी झिरपून वाळते एवढेच सांगितले, २. वाळण्यासाठी उष्णता लागते हे सांगितले, ३. ती उष्णता माठातल्या पाण्यातून घेतली जाते इथपर्यंत पोचला, ४. या मोजपट्टीवर आपल्या मुलाला साखळीत २ मिळतात. निरीक्षण दिले, पण ते हवेतल्या दमटपणाशी जोडले नाही, म्हणून तेथे ३. शास्त्रीय शब्द एकही नाही, म्हणून १. बेरीज १२ पैकी ६. म्हणजे पन्नास टक्के, नाही का?

आता हेच रुब्रिक संगणकावर चढवू. मूडल हे अनेक शाळा-महाविद्यालयांत वापरले जाणारे मोफत सॉफ्टवेअर. २०११ पासून त्यात रुब्रिकची सोय आहे. चौकटीवर टिचकी मारली की ती निवडली जाते आणि बेरीज आपोआप होते. विद्यार्थ्याचे नाव झाकून तपासण्याचीही सोय आहे, आणि ती जरूर वापरावी. पण आपल्या मुलाच्या नावापुढे पन्नासऐवजी तेहतीस टक्के उमटण्याची शक्यता आहे. सगळी उत्तरे अशीच असतील तर पस्तीसची रेषा हुकली!

यंत्र चुकले का? नाही. आपल्या तक्त्यात सर्वांत कमी बेरीज ३ होऊ शकते, सर्वांत जास्त १२. 'किमान गुण कायम ठेवा' अशा अर्थाचा पर्याय निवडलेला नसेल, तर मूडल किमान बेरजेला शून्य मानते. मग ६ मधून ३ वजा, १२ मधून ३ वजा. ९ पैकी ३, म्हणजे ३३ टक्के. तो पर्याय निवडला की हेच गुण ५० टक्के होतात.

यातले खरे कोणते? आमच्या मते हा प्रश्न संगणकाला विचारण्याचा नाहीच. सर्वांत खालच्या चौकटीत आपण 'कारण दिलेलेच नाही' असे लिहिले आणि त्याला १ गुण ठेवला. म्हणजे काहीही न सांगणाऱ्याला आपल्या हिशेबाने २५ टक्के आधीच मिळाले होते. पन्नासमध्ये ही खिरापत मिसळलेली होती. यंत्राने ती काढून घेतली एवढेच. खालच्या चौकटीचा अर्थ 'काही नाही' असेल तर तेथे ० लिहावे, 'थोडे काही' असेल तर वर्णनही तसेच हवे. परीक्षेपूर्वी एक काल्पनिक उत्तर घेऊन सर्व निकषांत सर्वांत खालची चौकट निवडून पाहावी. पडद्यावर येणारा आकडा आपल्याला मान्य आहे का, ते दोन मिनिटांत कळते.

दुसरी खबरदारी तपासताना घ्यायची. पहिल्या ओळीत वरची चौकट निवडली की बोट पुढच्या ओळींतही वरच जाऊ लागते. एका गुणाची छाया दुसऱ्यावर पडते, हे थॉर्नडाइक यांनी १९२० साली अधिकाऱ्यांनी सैनिकांना दिलेल्या शेऱ्यांवरून दाखवले होते. म्हणून शक्य तेथे आधी सर्व मुलांची कारणांची साखळी तपासावी, मग सर्वांची निरीक्षणे. हे कंटाळवाणे आहे खरे. तसेच, दोघे-तिघे शिक्षक तपासणार असतील तर आधी पाच-सहा उत्तरे प्रत्येकाने स्वतंत्रपणे तपासावीत आणि एकूण गुण न पाहता चौकटी ताडून पाहाव्यात. भांडण नेमके कोणत्या ओळीत आहे ते लगेच दिसते.

माठाच्या उत्तरात ते बहुधा तिसऱ्या ओळीत निघेल. 'वाळते' लिहिणाऱ्याला 'बाष्पीभवन' लिहिणाऱ्यापेक्षा किती मागे ठेवायचे? शब्दाला कारणाइतकेच वजन देणे आम्हाला पटत नाही. पहिल्या दोन निकषांना ० ते ३ आणि शब्दाला फक्त ० किंवा १ ठेवले, तर त्याच मुलाला १, २ आणि ०, म्हणजे ७ पैकी ३ मिळतात. सुमारे ४३ टक्के.