घाटात न्यूट्रल, रेडिएटरात बोअरचं पाणी

बोरघाट किंवा आंबोली उतरताना गाडी न्यूट्रल केली की पेट्रोल वाचतं, ही समजूत गाडीच्या किल्लीबरोबरच बापाकडून पोराकडे येते. कार्बुरेटरवाल्या मारुती ८०० च्या काळात तिच्यात थोडं तथ्य होतं. गिअरमध्ये उतरतानाही इंजिन पेट्रोल ओढत राही. २००० च्या आसपास इंजेक्शनची इंजिनं सर्रास झाली आणि हिशेब उलटला. आता गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडीतला कॉम्प्युटर इंजेक्टरच बंद करतो. इंजिनाला चाकं फिरवतात, पेट्रोल जातच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून ते सोडावंच लागतं. वर सगळा भार ब्रेकवर. ते फार तापून ब्रेक ऑइल उकळलं की पेडल सरळ खाली जातं. काही महाभाग इंजिनही बंद करतात. मग ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-चार दाबांत संपते आणि स्टिअरिंग जड होतं.

दुसरी समजूत रेडिएटरची. कूलंट बर्फाळ मुलखातल्या लोकांसाठी, आपल्याला पाणी चालतं, असं गॅरेजवालेही सांगतात. पण कूलंटमधलं ग्लायकॉल गोठणबिंदू खाली नेतं तसा उत्कलनबिंदू वरही नेतं, आणि विदर्भाच्या मे महिन्यात तेच हवं असतं. त्याहून महत्त्वाची त्यातली गंजरोधक द्रव्यं. आजच्या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं. बोअरच्या पाण्यातले क्षार त्याच्या बारीक वाटांत साचतात, धातू खातात. मग गाडी तापते, हेड गॅस्केट जातं, हेड वाकतं आणि ‘इंजिनाचं काम’ निघतं. रस्त्यात अडलात तर इंजिन निवल्यावर पाणी घाला, त्यात वाद नाही. गरम असताना झाकण उघडाल तर हात भाजेल. पण घरी आल्यावर कूलंट नीट भरून घ्या. आणि ते वारंवार कमी होत असेल तर गळती शोधा, कारण ही बंद व्यवस्था आहे, कूलंट उगाच कमी होत नाही.

ऑइल काळं पडलं म्हणजे बाद झालं, हेही खरं नाही. काजळी स्वतःत धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. बोटांवर चोळून त्याचं आयुष्य सांगणारा फिटर अंदाज बांधतो. गाडीच्या पुस्तकातले किलोमीटर आणि महिने पाहावेत. ग्रेडही तिथलीच. ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या इंजिनात ‘जाड ऑइल चांगलं’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतणं हा शहाणपणा नव्हे.

महागड्या पेट्रोलने पिकअप वाढतो म्हणतात. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे, इंजिनात ठोके पडू न देण्याची क्षमता. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या इंजिनाला जादा ऑक्टेनचा उपयोग जवळजवळ नसतो.

बॅटरीची वायर काढून लावली की ‘चेक इंजिन’चा दिवा जातो, हा उपाय तर फार लोकप्रिय. त्याने नोंद पुसली जाते, बिघाड राहतो. दिवा लुकलुकत असेल तर बहुधा एखादा सिलिंडर नीट पेटत नाही आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय. दोष अनेकदा प्लगचा किंवा कॉइलचा निघतो. तसंच रेटत नेलं तर कन्व्हर्टर जातो, आणि त्याच्या किमतीत प्लगचे कित्येक संच येतील.