शिपायाची साक्ष

युद्धाची हकीकत सांगणारा प्रत्येक ग्रंथ युद्धवाङ्मयाच्या पदवीस पोहोचत नाही. अमुक पलटणीने अमुक खंदक घेतला आणि इतकी माणसे कामी आली, ही नोंद लष्करी दप्तरात चोख सापडते. परंतु त्या खंदकात पाण्याचिखलात रात्र काढणाऱ्या शिपायावर काय गुदरले, हे जेथे उमटते तेथूनच या वाङ्मयाचा खरा प्रारंभ होतो.

पहिल्या महायुद्धातील हिंदी शिपायांची पत्रे या दृष्टीने मननीय आहेत. सप्टेंबर १९१४ मध्ये मार्सेय बंदरात उतरू लागलेल्या या फौजेतील पुष्कळांना अक्षरओळख नसल्याने, शिपाई सांगे आणि लिहिता-वाचता येणारा कोणी सोबती ते उतरवून घेई; पुढे टपाल सरकारी तपासनिसांच्या हातांखालून जाई, आणि त्यांनी इंग्रजीत करवून ठेवलेले उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेले आहेत. लेखनिक, तपासनीस आणि भाषांतरकार अशा तिघांच्या हातून गेलेल्या मजकुरात सत्य कितीसे उरणार, ही शंका रास्त आहे. तथापि या पहाऱ्याची जाणीव शिपायांनाही होती. हिंदुस्थानची काळी मिरी संपत आली असून आता तांबडी मिरची वापरात येत आहे, अशा आशयाचा मजकूर ते लिहीत. काळी म्हणजे हिंदी शिपाई आणि तांबडी म्हणजे गोरे, हे घरच्यांनी ओळखावयाचे. कोणी या संग्रामास महाभारताची उपमा देई, तर कोणी भावाला भरती न होण्याविषयी बजावी. या मजकुरात हताहतांचा आकडा नाही. परंतु माणसे वाणसामानासारखी खर्ची पडत आहेत, हे ज्याला दिसले त्याला युद्धाचे मर्म कळले होते.

हे मर्म कल्पितातूनही उमटू शकते. रेमार्क या जर्मन लेखकाने १९१७ साली आघाडीवर काढले ते जेमतेम काही आठवडे, आणि १९२९ साली ग्रंथरूपाने आलेली त्याची कादंबरी तर कल्पितच. तरीही १९३३ मध्ये नाझींना ती जाळावीशी वाटली, कारण शौर्याच्या मुलाम्याखालचे भय तिने उघडे केले होते.

मेसोपोटेमियातील कुत-अल-अमाराच्या वेढ्यात उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी कैदेत पडलेल्या फौजेत मराठा पलटणीही होत्या. अशा शिपायांच्या घराण्यांतून जी पत्रे, ज्या आठवणी उरल्या असतील, त्यांतील तारखांची छाननी इतिहासकाराने अवश्य करावी. मात्र एखादी तारीख चुकली म्हणून सोसणाऱ्याची साक्षच खोटी ठरविणे, हा त्याच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय होय.