उडी मारून शिकलेली बेरीज

४ + ३ विचारले की बालवाडीतील मूल बहुधा सर्व वस्तू पहिलीपासून मोजते. चारच्या पुढे मोजता येणे ही खरी पायरी. त्यासाठी अंगणात खडूने १ ते १० चौकटी ओळीने आखाव्यात. मूल ४ वर उभे राहून तीन उड्या मारते. अनेक मुले उभी असलेली चौकटच ‘एक’ धरतात व ६ वर थांबतात. वहीत हे उत्तर नुसते चुकलेले दिसते. येथे ते का चुकले हे शिक्षिकेला कळते. सोबत्याने तीन टाळ्या वाजवाव्यात, उडणाऱ्याने ‘पाच, सहा, सात’ म्हणावे. सीगलर व रमणी यांच्या २००८ मधील अमेरिकी अभ्यासात बैठ्या पटावर असेच अंक उच्चारत सोंगटी सरकवणाऱ्या गरीब घरांतील मुलांचे संख्याज्ञान सुधारले. अंकांऐवजी रंगांचा पट खेळलेल्यांचे नाही. तेव्हा नुसते उडणे पुरेसे नाही, अंक तोंडाने म्हणवून घ्यावेत.