कायद्याला गॅरेजातला पोरगा कधी दिसणार?

पूर्णा नदीवरचे येलदरी धरण १९६८ साली उभे राहिले. पायथ्याच्या वीजघरात साडेसात मेगावॅटचे तीन संच बसले. जिंतूर तालुक्याच्या विकासाची गोष्ट सांगणारे इथेच थांबतात. पण पाणी आले की ते उपसणारी इंजिने येतात, ट्रॅक्टर येतात, मोटारसायकली येतात आणि त्यांच्या मागोमाग रस्त्याच्या कडेला पत्र्याचे गॅरेज येते. त्या गॅरेजात एक उस्ताद असतो आणि हाताखाली दोन-तीन पोरे. ही पोरे कोणाची? बौद्ध, मातंग, मुस्लिम, भटक्या-विमुक्तांच्या वस्त्यांतली. शाळा सुटली, शेती नाही, म्हणून बापाने आणून सोडलेली. "काम शिकेल" एवढाच करार!

कामाची सुरुवात होते ती कार्बन काढण्यापासून. इंधन पूर्ण जळत नाही, ऑइल वर चढते आणि पिस्टनच्या माथ्यावर, रिंगांच्या खाचांत, वॉलच्या दांडीवर काळा थर बसतो. मग इंजिन धूर सोडते, ओढत नाही. हेड खोलायचे, मोडक्या हॅक्सॉच्या पातीने खरवडायचे, ब्रश मारायचा आणि पेट्रोलच्या तसराळ्यात धुवायचे. पूर्वी हे काम रॉकेलवर व्हायचे. रॉकेल मिळेनासे झाले तसे पेट्रोल-डिझेल आले आणि आता स्प्रेचे डबे आले. बिडाचे भाग कास्टिक सोड्याच्या गरम पाण्यातही टाकतात. त्यात चुकून ॲल्युमिनियमचा पिस्टन पडला तर सोडा तो खाऊन टाकतो, म्हणून उस्ताद ओरडतो. पिस्टन महाग आहे ना! त्याच पाण्यात बुडणाऱ्या पोराच्या बोटांसाठी मात्र कोणी ओरडत नाही.

या कामात पोराच्या शरीरात काय जाते? १ फेब्रुवारी २००० पर्यंत देशात शिसेयुक्त पेट्रोल विकले जात होते. त्या काळात ज्यांनी कार्बन खरवडला, त्यांनी शिसे खरवडले. आजचे जुने उस्ताद ही ती पिढी. शिसे गेले, बेंझिन राहिले. पेट्रोलमध्ये ते एक टक्क्यापर्यंत चालते. बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो, हे विज्ञानात केव्हाच सिद्ध झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२५ मध्ये खुद्द पेट्रोललाच माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. डिझेलचा धूर त्या गटात २०१२ पासून आहे. आणि आपली पोरे? नळीने तोंडाने पेट्रोल ओढतात, संध्याकाळी पेट्रोलनेच हात धुतात आणि त्याच हाताने भाकरी खातात.

कार्बोरेटर साफ करण्याच्या स्प्रेत टोल्युइन, झायलीन, ॲसिटोन, मिथेनॉल अशी द्रावणे असतात. काहींत मेथिलिन क्लोराईड असते, ज्याचे शरीरात गेल्यावर कार्बन मोनॉक्साईड बनते. अमेरिकेने २०२४ मध्ये त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली. त्याच अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, ब्रेक धुण्याच्या स्प्रेतील हेक्झेनने मोटार मेकॅनिकांच्या हातापायांच्या नसा निकामी झाल्याची नोंद २००१ मध्ये सरकारी आरोग्य साप्ताहिकाने छापली. तिथे ती नोंद झाली, कारण मेकॅनिकला त्याचा धंदा विचारणारा डॉक्टर भेटला. आपल्याकडे हात बधीर झाला की "अशक्तपणा आहे" म्हणून सलाईन लावतात.

आता कायद्याचे पाहू. १९४८ च्या कारखाने कायद्यात 'उत्पादन प्रक्रिया' या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी होती. दुरुस्ती करणे, तेल देणे, धुणे, साफ करणे, हे सगळे तिच्यात होते. म्हणजे गॅरेजातला पोरगा जे करतो ते अक्षरशः लिहिलेले! पण कायदा लागायला विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार लागत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता आल्या आणि कारखान्यासाठीचा हा आकडा वीसवर गेला. सुरक्षा व आरोग्याच्या तरतुदींना, ईएसआयला, दहाचा आकडा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्यानेही दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना नोंदणीतून मोकळे केले होते. तीन पोरांचे गॅरेज कुठेच बसत नाही. विष मात्र डोकी मोजून चढत नाही.

नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात व्यवसायजन्य रोगांच्या यादीत बेंझिनने होणारे रोग होते, आता ती यादी सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. पण अट अशी, की कामगाराने त्याच मालकाकडे सलग सहा महिने काम केलेले असले पाहिजे. गॅरेजातला पोरगा दिवाळीला उस्ताद बदलतो. नियुक्तीपत्र नाही, हजेरी नाही, मजुरी रोख. सहा महिने सिद्ध करणार कसे? वकील म्हणून सांगतो, असे दावे रोगावर नव्हे, कागदावर हरतात.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याच खात्यात होते. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीतली. धरण आणि धरणाखालचा कामगार, दोन्ही एकाच टेबलावर होते, हे येथे लक्षात घ्यावे लागेल. आपल्या चळवळीने पुतळ्याचा, नामांतराचा, आरक्षणाचा लढा लढला, लढलाच पाहिजे होता. पण गॅरेजातल्या पोराचा मोर्चा आपण किती वेळा काढला?

मागणी करायला जागा आहे. सुरक्षेच्या नव्या संहितेतच परंतुक आहे, की केंद्र सरकारने अधिसूचित केलेले धोकादायक किंवा जीवघेणे काम जिथे चालते, तिथे दहाचा आकडा लागणार नाही. ईएसआयबाबतही अशीच तरतूद आहे, एक कामगार असला तरी पुरे. पेट्रोल आणि द्रावणांनी इंजिन साफ करणाऱ्या गॅरेजांची अधिसूचना काढा, ही मागणी खासदारांपुढे गेली पाहिजे. चौदा वर्षांखालच्या पोराला तर कामावर ठेवताच येत नाही आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदा ते अठराच्या पोरांनाही ज्वालाग्राही पदार्थांच्या कामातून बाहेर ठेवले आहे. पेट्रोल ज्वालाग्राही नाही असे कोण म्हणेल?

उस्ताद हा काही आपला शत्रू नाही. तोही त्याच धुरात खोकतो. त्याला सांगावे, की थर हलका असेल तर टाकीत ओतायचे डिटर्जंटयुक्त औषध पुरते, हेड खोलायलाच नको. जाड थराला खोलावेच लागते, पण ते उघड्यावर खोला, पेट्रोलऐवजी गरम साबणपाणी वापरा, तेल-पेट्रोल सहन करणारे नायट्राईलचे हातमोजे घ्या. पोरांच्या आईबापांनी मजुरी फोनवरून घ्यावी, म्हणजे महिन्यांची नोंद राहते. ई-श्रम कार्ड काढून त्यात धंदा 'मेकॅनिक' असाच लिहावा. दवाखान्यात केसपेपरवरही धंदा लिहून घ्यावा. आणि परभणीच्या कामगार कार्यालयात अर्ज द्यायला जाल, तेव्हा गॅरेजात वापरलेल्या स्प्रेच्या डब्याचा फोटो जोडा, मागच्या बाजूचे बारीक इंग्रजी वाचता येईल असा.