वैनगंगेच्या काठचा मोगली

जवाहरनगरहून भंडाऱ्याला गेलात की वैनगंगेचे विशाल पात्र दिसते. ही नदी मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि बालाघाट, गोंदियाकडून आपल्या जिल्ह्यात येते. एका इंग्रज लेखकाने तिला जगभर पोहोचवले. त्याचे नाव रुडयार्ड किपलिंग. मोगलीच्या गोष्टी त्याच नदीच्या काठी घडतात.

किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील जे. जे. कला शाळेत शिल्पकला शिकवत असत. घरात एक आया आणि मीता नावाचा नोकर होता. ते दोघे छोट्या रुडयार्डला गोष्टी सांगत. त्यामुळे मुलाच्या तोंडी हिंदुस्थानी भाषा बसली. आईवडिलांकडे जाताना 'आता इंग्रजीत बोल' अशी आठवण त्याला करून द्यावी लागे!

१८७१ साली, सहा वर्षांचाही नसताना, त्याला धाकट्या बहिणीसह इंग्लंडला परक्यांच्या घरी ठेवण्यात आले. तेथील दिवस फार दुःखाचे होते. पुढे १८८२ साली सोळा वर्षांचा हा मुलगा मुंबई बंदरावर उतरला, तेव्हा त्याच्या तोंडून हिंदुस्थानी वाक्ये आपोआप बाहेर पडू लागली. पण त्यांचा अर्थ मात्र त्याला कळेना! ही हकीकत त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

नंतर लाहोर व अलाहाबाद येथे त्यांनी वर्तमानपत्रांत काम केले. १८८९ साली ते भारतातून गेले. मोगलीच्या गोष्टींचे पुस्तक त्यांनी अमेरिकेत बसून लिहिले. ते १८९४ साली प्रसिद्ध झाले. सिवनीचे जंगल त्यांनी स्वतः पाहिले नव्हते, असे अभ्यासक मानतात. स्टर्नडेल नावाच्या अधिकाऱ्याच्या पुस्तकातून त्यांनी ते जंगल जाणून घेतले. मात्र प्राण्यांची नावे बालपणीच्या भाषेतील आहेत. अस्वलाचे नाव बल्लू, म्हणजे तुमचा भालू. कळपाचा प्रमुख अकेला. माकडे म्हणजे बंदर-लोग. घार ती चील. शिवणकाम करणाऱ्या पक्ष्याला मराठीत आपण शिंपी म्हणतो. किपलिंगने त्याचे नाव दरझी ठेवले. उष्ट्या ताटल्या चाटणारा कोल्हा तबाकी आहे. 'तबक' हा शब्द तर मराठीतही आहे. वाघाचे नाव शेरखान, पण तो जन्मतःच एका पायाने अधू, म्हणून त्याची आई त्याला 'लंगडी' म्हणे. 'मोगली' हे नाव मात्र किपलिंगने स्वतः बनवले. गोष्टीत त्याचा अर्थ बेडूक असा सांगितला आहे, पण किपलिंगला ठाऊक असलेल्या कोणत्याही भाषेत बेडकासाठी असा शब्द नव्हता.

१९०७ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. इंग्रजी भाषेतील लेखकाला मिळालेले ते पहिलेच नोबेल होय. त्या वेळी त्यांचे वय अवघे ४१ होते. परंतु त्यांची एक बाजू आपल्याला पटणारी नाही. इंग्रजांनी इतरांवर राज्य करावे, असे ते मानत, आणि १८९९ सालच्या एका प्रसिद्ध कवितेत त्यांनी गोऱ्या लोकांच्या सत्तेचे समर्थन केले. भारतीय भाषेत स्वप्ने पाहणाऱ्या माणसाने असे लिहावे, याचे आश्चर्य वाटते. पहिल्या महायुद्धात १९१५ साली त्यांचा एकुलता एक मुलगा मारला गेला. जानेवारी १९३६ मध्ये किपलिंग यांचे निधन झाले.

आता शेरखानचे काय झाले ते सांगतो. मोगलीने म्हशींचे दोन कळप दोन्ही बाजूंनी घातले आणि वाघाला वैनगंगेच्या घळीत गाठले. पुढचे तुम्ही स्वतःच वाचा.