उभ्या गाडीची ऊब

फिनलंडमध्ये उभ्या गाडीचं इंजिन दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ नुसतं चालू ठेवायला कायद्याने मनाई आहे. त्याच नियमात पुढे थंडीचीही दखल घेतली आहे. पारा उणे 15 अंशांच्या खाली असेल, तर निघण्याआधी चार मिनिटं इंजिन चालू ठेवायला हरकत नाही. म्हणजे उणे 20 ला चार मिनिटं, उणे 30 लाही चार मिनिटं, आणि लॅपलँडमध्ये एखाद्या रात्री उणे 40 झालं तरी चारच मिनिटं.

ज्या देशात वर्षातले कित्येक महिने बर्फ असतो, तिथे हे वाचून कुणालाही वाटेल की नियम फार कडक आहे. पण इंजिनाच्या आत काय घडतं ते समजून घेतलं की याच नियमाचं कौतुक वाटू लागतं. थंड इंजिनाला गरम करण्याचा सगळ्यात वाईट मार्ग म्हणजे ते जागेवर चालू ठेवणं. हे जगभरच्या वाहनचालकांच्या समजुतीच्या नेमकं उलट आहे.

ती समजूत आपल्याकडेही पक्की आहे आणि तिला कारणही आहे. नाशिक-पुण्याकडच्या डिसेंबरातल्या सकाळी स्कूटर एका अंगाला कलंडवायची, चोक ओढायचा, किका मारत राहायचं आणि ती सुरू झाली की जरा वेळ तशीच धडधडू द्यायची, हे एका अख्ख्या पिढीने केलं आहे. ते योग्यच होतं. हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण तेव्हा कार्बोरेटर करायचा आणि कार्बोरेटरला थंडी कळत नसे. थंड पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोक ओढून हवा कमी करायची, मिश्रण दाट करायचं, आणि इंजिन तापलं की आठवणीने चोक आत ढकलायचा. हे सगळं माणसाने हाताने करायचं काम होतं. आता फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाडीत कूलंटचं तापमान सेन्सर मोजतो आणि प्रत्येक फवाऱ्यात किती इंधन सोडायचं ते संगणक ठरवतो. थांबण्याची गरज संपली. सवय मात्र वडिलांकडून मुलाकडे गेली.

थंड इंजिन सुरू होतं तेव्हा पहिल्या काही मिनिटांत ते सर्वांत जास्त घाण करतं. संगणक मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो, कारण त्यातलं बरंचसं सिलिंडरच्या गार भिंतींवर ओलाव्यासारखं बसतं. त्यातलं काही न जळताच बाहेर जातं, तर काही भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल पातळ करतं. धुरातले विषारी वायू निष्प्रभ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला असतो. त्यातले प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम हे मोलाचे धातू साधारण 250 ते 300 अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट कामाला लागत नाहीत. आता खरी मेख बघा. जागेवर चालणाऱ्या इंजिनावर भार नसतो, म्हणून ते थोडंसंच इंधन जाळतं आणि थोडीशीच उष्णता निर्माण करतं. म्हणजे गाडी जितका वेळ उभी ठेवून तापवाल, तितका वेळ ती आपल्या सगळ्यात घाणेरड्या अवस्थेत रेंगाळते. तीच गाडी अर्ध्या-एक मिनिटात हळूच चालवायला घेतली की इंजिनावर भार येतो आणि सगळंच लवकर तापतं. फिनलंडची ती चार मिनिटं काचांवरचा बर्फ खरवडण्यापुरती आहेत असं मी समजतो, आणि तेवढी पुरतात.

आणखी एक गोष्ट मला दरवेळी नव्याने चकित करते. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो आणि सायलेन्सरमधून पाण्याची वाफ बाहेर पडते. मुंबईत आपल्याला ती दिसतही नाही, कारण 30 अंशांची एक घनमीटर हवा 30 ग्रॅम वाफ सहज पोटात घालते. उणे 40 अंशांच्या हवेला मात्र एका घनमीटरमागे ग्रॅमचा जेमतेम आठवा हिस्सा झेपतो. अशा हवेत गाडी चालू ठेवली की सायलेन्सरमधून निघालेली वाफ काही सेकंदांत बर्फाचे अतिसूक्ष्म कण होऊन तिथेच तरंगत राहते.

अलास्कातल्या फेअरबँक्स शहरात याचं अख्खं धुकं होतं. त्याला आइस फॉग म्हणतात, आणि ते मुख्यतः माणसाने केलेलं असतं. गाड्या, घरांच्या चिमण्या आणि वीजकेंद्र यांतून निघालेलं पाणी त्यात असतं. अलास्का विद्यापीठातले शास्त्रज्ञ कार्ल बेन्सन यांनी 1965 साली या धुक्यावर सविस्तर अहवाल लिहिला. त्यात त्यांनी याला थंडीतलं वायुप्रदूषणच म्हटलं आणि नमुना म्हणून फेअरबँक्सच समोर ठेवलं. शहराची जागाच तशी आहे. तीन बाजूंनी टेकड्या, वारा जवळजवळ नाही, आणि लांबलचक रात्रीत बर्फाच्छादित जमीन आपली उष्णता आकाशाकडे फेकत राहते. त्यामुळे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि जड होऊन तळाशीच बसते. टेकडीवर राहणाऱ्याच्या अंगणात खालच्या बाजारपेठेपेक्षा दहाएक अंशांनी जास्त ऊब असते, आणि खाली मात्र शहराचा धूर झाकण लावल्यासारखा अडकलेला असतो. दिल्लीची नोव्हेंबर-डिसेंबरमधली हवा कोंडते तीही थरांच्या याच उलथापालथीमुळे. दिल्ली सरकारने 2020 च्या ऑक्टोबरात ‘रेड लाइट ऑन, गाडी ऑफ’ ही मोहीम सुरू केली होती, ती सिग्नलवर नुसत्या धडधडणाऱ्या इंजिनांसाठीच.

मग उणे 40 मध्ये माणसाने करायचं काय? तिथली थंडी खरोखरच यंत्राच्या जिवावर उठते. ऑइल इतकं घट्ट होतं की पिस्टन हलवताना सेल्फचा जीव जातो. आपल्या गॅरेजमध्ये ऑइलच्या डब्यावर 20डब्ल्यू-40 असं लिहिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा आहे, तो जितका लहान तितकं ते ऑइल जास्त गारठ्यात वाहतं. 0डब्ल्यूचं ऑइल उणे 35 अंशांवर तपासतात. बॅटरीचीही तीच गत असते. तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणजे इंजिन फिरवायला सर्वांत जास्त जोर हवा तेव्हाच बॅटरी सर्वांत दुबळी असते. रात्रभर एकाच जागी उभे राहिलेले टायर खालून चपटे होऊन तसेच कडक होतात. सकाळी निघाल्यावर चौकोनी चाकांवरून जात असल्यासारखे हादरे बसतात, आणि थोडं अंतर गेल्यावर टायर पुन्हा गोल होतात.

यावरचा उपाय नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सचे अँड्र्यू फ्रीमन यांनी काढला. ते तिथल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थेचे प्रमुख होते. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्राच्या वाचकाला ही गोष्ट आवडावी. फ्रीमननी भंगारातली तांब्याची नळी आणि जुन्या इस्त्रीतली तापणारी कॉइल घेऊन पहिला हीटर घरीच बनवला. इंजिनाचा वरचा भाग आवळणाऱ्या बोल्टांपैकी एक काढायचा आणि त्याच्या जागी हा विजेवर तापणारा बोल्ट बसवायचा, अशी ती युक्ती. 1949 मध्ये तिला पेटंट मिळालं. आज बोल्टऐवजी इंजिन ब्लॉकमधल्या कूलंटमध्ये बुडालेलं छोटं एलिमेंट असतं, म्हणून त्याला ब्लॉक हीटर म्हणतात.

कॅनडातल्या विनिपेगच्या किंवा फेअरबँक्सच्या पार्किंगमध्ये उभ्या पेट्रोल गाड्यांच्या पुढच्या जाळीतून वायर आणि प्लग लोंबत असतो. नव्याने आलेल्याला वाटतं, गाडी विजेवर चालते. ऑफिसच्या, दवाखान्याच्या, विद्यापीठाच्या पार्किंगमध्ये गाड्यांसमोर सॉकेट असतात. फिनलंडमध्ये तर प्रत्येक जागेसमोर एक बुटका खांब, त्यात सॉकेट आणि फिरवायचं टायमरचं घड्याळ. सकाळी सातला निघायचं असेल तर रात्री झोपताना घड्याळ लावून ठेवायचं. पहाटे आपोआप वीज सुरू होते आणि दोनेक तासांत इंजिन पुरेसं कोमट होतं. रात्रभर हीटर चालू ठेवण्याची गरज नसते.

हिशोब करून बघण्यासारखा आहे. पाचशे वॉटचा हीटर दोन-तीन तास चालला तर विजेचं एक ते दीड युनिट खर्ची पडतं. मोटारीचं इंजिन जागेवर चालू ठेवलं तर तासाला ढोबळ मानाने पाऊण-एक लिटर पेट्रोल जातं, आणि एका लिटर पेट्रोलमध्ये जवळपास 9 युनिट विजेइतकी ऊर्जा असते. म्हणजे उभ्या इंजिनाने तासभर धूर सोडून जेवढी ऊर्जा संपवली, तिच्या फार तर चौथ्या हिश्श्यात त्या बोटभर एलिमेंटने काम उरकलं. शिवाय इंजिन सुरू होतं तेच कोमट, त्यामुळे पहिल्या मिनिटांची घाणही कमी.

सायबेरियातल्या याकुत्स्कमध्ये मात्र हे गणित तोकडं पडतं. जानेवारीत तिथलं सरासरी तापमानच उणे 40 च्या आसपास असतं. गाडीला जाड रजई घालतात, खिडक्यांवर आतून किंवा बाहेरून दुसरी काच चिकटवतात, ज्याला परवडतं तो गरम गॅरेज भाड्याने घेतो. काही जण दुकानात जाताना इंजिन बंद करतच नाहीत, कारण रानात किंवा दूरच्या वस्तीत एकदा गार पडलेली गाडी पुन्हा सुरू होईलच असं नाही. त्यांना मी दोष देणार नाही. तिथे चालू इंजिनावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

आपल्या देशातही हे जग आहे. लडाखमध्ये हिवाळ्याच्या पहाटे ट्रकच्या टाकीखाली चूल किंवा स्टोव्ह पेटवून बसलेले ड्रायव्हर दिसतात. डिझेलमध्ये मेण विरघळलेलं असतं. थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजतं तसंच ते मेण गोठू लागतं, आणि आधी फिल्टर बुजतो, मग डिझेल वाहायचंच थांबतं. पेट्रोलच्या गाडीला हा त्रास नाही, डिझेलच्या ट्रकला तो हमखास होतो. 2019 च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं. पानिपतच्या रिफायनरीत तयार झालेलं हे डिझेल उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहतं. मेण कमी ठेवलेलं डिझेल, एवढीच त्याची किमया, पण टाकीखालचा जाळ विझवण्याची ताकद तिच्यात आहे.

इथे एक गोष्ट गांभीर्याने सांगायला हवी, कारण बर्फ बघायला मनाली-काश्मीरला जाणारी मराठी कुटुंबं आता खूप आहेत. 2022 च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात गाड्या अडकून किमान 22 माणसं गेली. त्यांतली काही कार्बन मोनॉक्साइडने गुदमरली. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं आणि ऊब मिळावी म्हणून काचा लावून इंजिन चालू ठेवलं, तर हा वायू आत येऊ लागतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोप आल्यासारखं वाटत माणूस बेशुद्ध होतो. अडकलातच तर आधी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ उकरा, इंजिन थोडा वेळच चालवा, वाऱ्याच्या उलट बाजूची एक काच बोटभर उघडी ठेवा, आणि उकरलेली जागा पुन्हा बुजली नाही ना हे पाहत राहा.

नियमांकडे परत येऊ. टोरांटोने 1996 मध्ये तासाला तीन मिनिटांची मर्यादा घातली, पण तापमान 5 अंशांखाली किंवा 27 अंशांवर असेल तर सूट दिली. कॅनडात 5 अंशांखाली सूट म्हणजे जवळजवळ अख्खा हिवाळा मोकळा होता. न्यूयॉर्क शहरात तीन मिनिटं आणि शाळेजवळ एकच मिनिट अशी मर्यादा आहे. तिथे धूर सोडत उभ्या असलेल्या ट्रकचं किंवा बसचं चित्रीकरण करून तक्रार करणाऱ्या नागरिकाला दंडाचा चौथा हिस्सा मिळू शकतो. मिशिगनमध्ये 2017 साली एकाने स्वतःच्याच घरासमोर गाडी गरम करत ठेवली आणि तो आत गेला. त्याला 128 डॉलरचा दंड झाला. त्या नियमामागे धुराचा नव्हे, चोरीचा विचार होता. किल्ली लावलेली, धडधडणारी, रिकामी गाडी चोराला आयतीच मिळते. त्यावर गदारोळ झाला आणि त्याच वर्षी राज्याने खासगी जागेपुरता कायदा सैल केला. या सगळ्यांत मला फिनलंडचाच नियम मनापासून आवडतो. थंडी पडली म्हणून तो माघार घेत नाही, दोन मिनिटं वाढवून देतो, आणि बाकीचं काम पार्किंगमधल्या खांबावर सोपवतो.

आता विजेच्या गाड्यांमुळे या गोष्टीला वेगळंच वळण लागलं आहे. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. त्याच वाया जाणाऱ्या उष्णतेवर गाडीतला हीटर चालतो, म्हणून ती ऊब आपल्याला फुकट वाटत आली. विजेच्या मोटारीत एवढी नासाडीच नाही, त्यामुळे फुकटची ऊबही नाही. हिवाळ्यात आतली हवा तापवायला बॅटरीतली वीज वापरावी लागते आणि गाडीचा पल्ला घटतो. 2024 मध्ये नॉर्वेत विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळपास नऊ विजेच्या होत्या. तिथले लोक निघायची वेळ आदल्या रात्री फोनवरून ठरवून देतात. पहाटे गाडी भिंतीतल्या सॉकेटची वीज घेऊन बॅटरी आणि आतली हवा दोन्ही तापवते आणि स्वतःची साठवण प्रवासासाठी राखून ठेवते. फिनलंडमधले ते टायमरवाले खांबही काही ठिकाणी आता विजेच्या गाड्या सावकाश चार्ज करायला वापरले जातात.