दोघींनी मिळून थंड हवेच्या ठिकाणी जाताना

मार्च उजाडला, की आमच्या वऱ्हाडातील दवाखान्यांत एक ठरावीक प्रश्न येऊ लागतो. रक्तदाब मोजून होतो, गोळ्या लिहून होतात आणि समोरच्या बाई पिशवी आवरता आवरता विचारतात, "डॉक्टर, मे महिन्यात थंड हवेच्या ठिकाणी जाऊ ना?" अलीकडे हा प्रश्न एकटीचा नसतो. दोन बहिणी, नणंद-भावजय, शाळेतल्या दोन मैत्रिणी अशा जोड्या निघतात. कुणाचे यजमान आता नाहीत, कुणाच्या यजमानांना प्रवासाचा कंटाळा, मुले परगावी. दोघींनी मिळून बाहेर पडण्याचे हे धाडस मला मनापासून आवडते. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दारे-खिडक्या लावून कूलरसमोर बसून राहण्यापेक्षा आठ दिवस मोकळ्या हवेत चालणे गुडघ्यांना, झोपेला आणि मनालाही मानवते. अडचण येते ती ठिकाण निवडताना. बहुतेक जणी आधी छायाचित्रे पाहतात, मग भाडे पाहतात आणि शरीराचा विचार तिकिटे काढून झाल्यावर करतात.

एक प्रसंग सांगते. दोघींच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

या दोघी विहिणी होत्या. मुलीची आई सदुसष्ट वर्षांची, मुलाची आई एकाहत्तर वर्षांची. मुलांनी दोघींसाठी लेहची सहल परस्पर ठरवून टाकली होती. मुलीच्या आई माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून येतात. प्रवासासाठी प्रकृती ठीक असल्याचा दाखला घ्यायला त्या आल्या. आमचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि जिन्याच्या वळणावर लहान मुलांच्या लसीकरणाचा तक्ता लावलेला आहे. "काकू दर वेळी तो तक्ता वाचत उभ्या राहतात," असे आमच्या कंपाउंडरने हसत हसत सांगितले. सदुसष्टाव्या वर्षी गोवराच्या लसीची तारीख दर खेपेस कोण वाचते? त्या तिथे दम घेत होत्या.

पापणी खाली ओढून पाहिली, आतला भाग पांढुरका होता. हिमोग्लोबिन निघाले ७.९ ग्रॅम. स्त्रियांमध्ये ते निदान १२ असावे. विचारता विचारता उलगडा झाला. गुडघे दुखतात म्हणून आठ महिने त्या औषधाच्या दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणून घेत होत्या. अधूनमधून शौचास काळी होत असे. ती पालेभाजीमुळे होत असावी, असे त्यांनी ठरवून टाकले होते. दुर्बिणीच्या तपासणीत जठरात व्रण आढळला आणि त्यातून थोडे थोडे रक्त जात होते. थकवा वयाचा, दम वजनाचा, असे त्यांनी मानले आणि खरे सांगायचे तर मीही मानले. वर्षभर त्यांचे हिमोग्लोबिन तपासले नव्हते, ही चूक माझी. घरी त्या बोटाला लावायचे यंत्र लावून प्राणवायू पाहत आणि ९८ आकडा पाहून निर्धास्त होत. रक्त कमी असले तरी ते यंत्र ९८ दाखवू शकते, हे येथे मुद्दाम नोंदवून ठेवते. जे रक्त अंगात आहे त्यात प्राणवायू किती भरला आहे, एवढेच ते सांगते. रक्त किती आहे ते सांगत नाही.

"लेहला जाता येणार नाही," असे मी म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पण त्या बोलल्या ते वेगळेच. "विहीणबाईंना कळू देऊ नका. लेकीच्या सासरी आपले दुखणे कशाला? त्यांचा हिरमोड होईल."

आता लेह का नाही, ते पाहू. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर वर गेल्यावर हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी थंड होते आणि त्याबरोबर विरळही होते. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तेथे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम दोन-तृतीयांश. विमानाने गेले तर दिल्लीच्या सपाटीवरून दीड तासात माणूस या उंचीवर उतरतो. शरीराला जुळवून घ्यायला उसंतच मिळत नाही. आमच्या काकूंच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिनही दोन-तृतीयांशच होते. मालही कमी आणि गाड्याही कमी, अशा स्थितीत हृदयाने किती धावाधाव करायची?

वृद्धांनी लेहला जाऊच नये, असे मी म्हणणार नाही. प्रकृती उत्तम असेल, तपासण्या झालेल्या असतील आणि पहिले दोन दिवस खरोखर पडून राहण्याची तयारी असेल, तर सत्तरीतही माणसे जाऊन येतात. परंतु साधारण २,५०० मीटरच्या वर रात्री मुक्काम केला की उंचीचा त्रास होऊ शकतो: डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे आणि क्वचित फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठण्यासारखे गंभीर संकट. हृदयविकार, दमा, जुना खोकला, रक्तक्षय यांपैकी काहीही असेल, तर ही मर्यादा ओलांडण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. उंचीच्या त्रासावरची गोळी शेजारणीने घेतली म्हणून आपण घेऊ नये. विशेषतः सल्फा औषधांची अॅलर्जी असेल किंवा मूत्रपिंड अशक्त असेल, तर मुळीच नाही. झोप येत नाही म्हणून तेथे झोपेची गोळीही घेऊ नये. ती श्वास आणखी मंदावते.

एक गोष्ट पत्रकात कधीच ठळक छापलेली नसते. मुक्कामाची उंची वेगळी आणि 'अर्ध्या दिवसाच्या सहली'ची उंची वेगळी. मनाली दोन हजार मीटरच्या आसपास, ती बहुतेकांना झेपते. पण तेथून दाखवायला नेतात तो रोहतांग जवळजवळ चार हजार मीटरवर आहे. गंगटोक १,६५० मीटर, तर तेथून नाथुला ४,३०० मीटरच्या पुढे. गुलमर्गचा झुलता पाळणा दुसऱ्या टप्प्यात चार हजारांच्या जवळ नेतो. थोडा वेळच थांबायचे असते हे खरे. पण छातीत दुखायला थोडाच वेळ पुरतो. तेव्हा सहलीच्या कागदावर प्रत्येक ठिकाणापुढे पेन्सिलीने उंची लिहून काढा.

पुढच्या आठवड्यात दोघी विहिणी एकत्र आल्या. रुग्णाची गोष्ट तिसऱ्याला सांगण्याचा मला अधिकार नाही, म्हणून मी गप्प राहिले. तुम्हीच सांगा, एवढेच मी काकूंना आधी सुचवले होते. त्यांनी खाली मान घालून सांगितले. मुलाच्या आई क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, मग मीही सांगून टाकते. मला रात्री चार वेळा उठावे लागते, आणि खोकला आला की कपडे खराब होतात. तुमच्याबरोबर एका खोलीत राहायचे म्हणून मला आठ दिवस झोप नाही." मग दोघी हसल्या. पंधरा वर्षांच्या सोयरिकीत एवढे मोकळे बोलणे त्यांच्यात प्रथमच होत असावे. ते त्या तपासणीच्या टेबलापाशी झाले नसते, तर साडेतीन हजार मीटरवर झाले असते.

म्हणून ठिकाण ठरवण्याआधी दोघींनी एकदा समोरासमोर बसावे. कोणाला कोणते आजार आहेत, कोणत्या गोळ्या चालू आहेत, किती पायऱ्या चढवतात, रात्री किती वेळा उठावे लागते, कोण घोरते, हे स्पष्ट बोलावे. दोघींत जिची प्रकृती अधिक नाजूक, तिला झेपेल ते ठिकाण निवडावे. सरासरी काढण्यात अर्थ नाही. एकीच्या फुप्फुसांना दुसरीची फुप्फुसे उसनी मिळत नाहीत.

या दोघींसाठी आम्ही एक ते दोन हजार मीटरच्या पट्ट्यात पाहिले. चिखलदरा घरापासून जवळ, सुमारे अकराशे मीटर; पण मे महिन्यातील दुपार तेथेही उन्हाळीच असते. अवघे दोन-तीन दिवस असतील आणि लांबचा प्रवास नको असेल, तर मी ते सुचवते. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर, मराठी बोलणारी माणसे, ओळखीचे जेवण, पुणे-साताऱ्याची मोठी रुग्णालये आवाक्यात. मात्र मे महिन्यातील सुट्ट्यांत घाटात वाहने तासन्‌तास अडकतात आणि गाडीत बसून राहणे दोघींनाही सोसले नसते. माथेरान रमणीय खरे. परंतु मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि पुढचे चालणे दुखऱ्या गुडघ्यांना परवडत नाही. अखेर निलगिरीतील कुन्नूर ठरले. उंची सुमारे १,८५० मीटर, मे महिन्यात दुपारी पारा चोवीस-पंचविसाच्या आसपास, रात्री शाल पुरेल एवढा गारवा. गर्दीच्या उटीपेक्षा ते निवांत, चारशे मीटर खाली, आणि मोठी रुग्णालये असलेले कोइम्बतूर काही तासांच्या अंतरावर. निलगिरीत आणि कोडाईकनालला जाणाऱ्या वाहनांना मे २०२४ पासून ई-पास लागतो. तो मुलांनी घरूनच काढून दिला.

थंडी जितकी जास्त तितके चांगले, असा एक गोड गैरसमज आपल्या उन्हाळ्याने करून दिलेला आहे. वास्तविक कडक थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, दमेकऱ्यांची छाती भरते. बारा ते पंचवीस अंश ही वृद्ध शरीराला सुखाची हवा. बर्फ पाहायचाच असेल तर दुरून पाहावा.

आता ज्याविषयी बायका बोलत नाहीत, त्याविषयी. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने आपल्या वयाच्या स्त्रिया प्रवासात पाणी पिणेच सोडतात. सकाळी निघताना अर्धा कप चहा आणि मग मुक्काम येईपर्यंत घोटही नाही. त्याचा परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो. लघवीला जळजळ, बद्धकोष्ठता, उभे राहताच चक्कर आणि वयस्कर व्यक्तीत कधी नुसताच गोंधळलेपणा. घरचे म्हणतात, 'हवा मानवली नाही.' हवेचा काही दोष नसतो. प्रवास असा आखावा की दर दोन तासांनी थांबता येईल. त्यासाठी मोठ्या बसपेक्षा स्वतंत्र मोटार बरी. लघवीची गळती होत असेल तर शोषक पॅड वापरण्यात कमीपणा मानू नये. लघवी जास्त करणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर प्रवासाच्या दिवशी ती कोणत्या वेळी घ्यावी हे डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या मनाने ती बंद करू नये. घाटात उलटीची भीती असेल तर पुढे बसावे, पोट हलके ठेवावे, आलेपाक जवळ ठेवावा. उलटीच्या नेहमीच्या गोळ्यांनी या वयात गुंगी येते आणि गाडीतून उतरताना पडायला होते.

खोली ठरवताना मुलांनी निव्वळ छायाचित्रांवर विसंबू नये, दूरध्वनी करावा. डोंगरातल्या निवासांत 'तळमजला' हा शब्द फसवा असतो. रस्त्यापासून चाळीस पायऱ्या खाली उतरून तो तळमजला येतो. गाडीपासून पलंगापर्यंत नेमक्या किती पायऱ्या, हाच प्रश्न विचारा. कमोड आहे का, न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, रात्री दिवा कुठे लागतो, हेही विचारा. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू देऊ नका आणि हवा खेळती नसलेल्या न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर ती खोली नाकारा. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो.

औषधांची यादी प्रत्येकीने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावी आणि दोघींच्या पर्समध्ये दोन्ही याद्या असाव्यात. मधुमेह एकीला असला तरी साखरेची पुडी दुसरीच्याही पिशवीत हवी. साखर उतरल्यावर जिला मधुमेह आहे तिला पिशवी उघडणे जमेलच असे नाही. इन्सुलिन तापलेल्या मोटारीत ठेवू नये आणि बर्फालाही चिकटवू नये.

व्रणावरचे उपचार आणि शिरेतून दिलेले लोह यांनी काकूंचे हिमोग्लोबिन मे महिन्याच्या मध्यापर्यंत अकराच्या वर आले. वेदनाशामक गोळ्या बंद झाल्या, गुडघ्यांसाठी व्यायाम सुरू झाले. दोघी कुन्नूरला सहा दिवस राहून आल्या, शेजारशेजारच्या दोन खोल्यांत. सिम्स पार्कची बाग उतारावर आहे. खाली जाताना काही वाटत नाही, दम लागतो तो परतताना. निम्म्यातच बसायचे, असे त्यांनी घरून ठरवून नेले होते आणि तसेच केले.

परतीविषयी सांगायचे मात्र मी विसरले होते. बावीस अंशांतून निघून दोघी तिसऱ्या दिवशी चव्वेचाळीस अंशांत उतरल्या आणि मुलाच्या आई लगेच दुपारी बँकेत गेल्या. रांगेत घेरी आली, सुदैवाने खुर्ची जवळ होती. गार हवेत आठवडा काढलेल्या शरीराला उन्हाची सवय पुन्हा व्हायला काही दिवस लागतात. तेव्हा घरी आल्यावर पहिले चार-पाच दिवस अकरा ते पाच बाहेर पडू नका. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले नसेल, तर तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्या. रक्तदाब एकदा उभ्याने आणि एकदा बसून मोजून घ्या. आणलेला चहा शेजारी वाटायला संध्याकाळी गेलात तरी चालेल.